मोजकी पावलं: शेलूबाजार ते कारंजा

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७. सोबत ज्ञानेश्वरीतला याच दोन श्लोकांवरचा भाग आणि गुरुचरित्राचे अध्याय ११ ते १३.

एरवी आपण रोज एकच श्लोक घेतो. आज दोन घेतोय, कारण सोळावा श्लोक काय करू नका ते सांगतो आणि सतरावा काय करा ते सांगतो. एक सोडून दुसरा वाचला तर अर्थ अर्धवट राहतो. आणि दुसरं कारण असं की पौष शुद्ध द्वितीया, म्हणजे श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांची जयंती, जवळ आली आहे. तिच्या आधीच्या शनिवार-रविवारी आम्ही काही जण शेलूबाजारहून कारंज्याला पायी जाणार आहोत. थोडं चालत, थोडं धावत. या प्रवासाचा प्लॅन करताना एक प्रश्न आला आणि त्याचं उत्तर शोधत मी या दोन श्लोकांपाशी येऊन थांबलो.

प्रश्न माझ्या मामेभावाचा आहे. त्याला विचारूनच लिहितोय. मामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तो बोलला होता, "महाराज, बाबा बरे झाले तर शेलूबाजारहून कारंज्यापर्यंत अनवाणी, पाण्याचा थेंब न घेता धावत येईन." मामा बरा झाला. आता घरात दोन वेळा फिरायला जातो, बिनमिठाच्या भाजीवरून मामीशी भांडतो. आणि मामेभाऊ नवस फेडायला निघालाय. त्याने पुण्यात दोन हाफ मॅरेथॉन केल्या आहेत, त्यामुळे जमेल असं त्याला वाटतं. मामीला झोप नाही. तिने मला फोन केला, "त्याले सांग ना रे बापू, माहं आयकत नाही तो."

आता अशा वेळी "काही होत नाही" म्हणणं सोपं आहे आणि "असले नवस खुळचट असतात" म्हणणं त्याहून सोपं. दोन्ही मला पटत नाही. शब्द दिलाय तो दिलाय. मग शास्त्र काय म्हणतं ते तरी बघू.

सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपाळूला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आपण या श्लोकाचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो, जास्त खाऊ नये, जास्त झोपू नये. दुसरा अर्धा सोयीने विसरतो, कारण उपाशी राहणारा आणि रात्र जागणारा आपल्याला आपोआप मोठा भक्त वाटतो. पण इथे दोघांना एकाच ओळीत बसवलंय. खादाड आणि हट्टी उपाशी, दोघांच्या नावापुढे एकच शेरा: साधत नाही.

ज्ञानेश्वर माउली यावर आणखी स्पष्ट बोलतात. जिभेचा गुलाम झालेला आणि झोपेला विकला गेलेला, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्यांनी उभा केलाय तो माणूस आग्रहाच्या, म्हणजे हट्टाच्या कोठडीत आपली भूक आणि तहान कोंडून ठेवणारा. तहानेचा उल्लेख आहे, बरं का. मूळ श्लोकात फक्त खाणं आणि झोप आहे. तहान माउलींनी घातली. मामेभावाला मी ही ओवी पाठवली तेव्हा त्याचं उत्तर आलं, "दादा, हे माझ्यासाठीच लिहिलंय का?" मी म्हटलं, सातशे वर्षांपूर्वी लिहिलंय, तू तेव्हा नव्हतास, पण तुझ्यासारखे तेव्हाही असणार.

आता सतरावा. यात पाच गोष्टी आहेत: आहार, विहार, कर्मातली खटपट, झोप आणि जागेपण. पाचही 'युक्त' असाव्यात, मग योग दुःख दूर करणारा होतो. 'युक्त' म्हणजे मापात, जोडलेला, जिथल्या तिथे बसलेला. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचा मोह होतोय, पण टाळतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वाफशावर केलेली पेरणी. जमीन कोरडी ठणठणीत नको आणि चिखलही नको.

'विहार' हा शब्द ऐकला की आपल्याला सहल आठवते. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात विहाराचा अर्थ दिलाय पादक्रम, म्हणजे पावलं टाकणं, चालणं. म्हणजे हा श्लोक अगदी अक्षरशः चालण्याविषयी आहे. पुढच्या काळातल्या टीकांमध्ये तर आकडाही येतो: एका योजनेपलीकडे चालू नये. योजन म्हणजे चार कोस. कोस जागोजागी वेगळा मोजत, पण ढोबळमानाने योजन बारा-तेरा किलोमीटरचं धरायला हरकत नाही. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. प्लॅन करायला बसलेल्या माणसाला ग्रंथात थेट दैनंदिन अंतर मिळावं, ही गंमतच.

मामेभावाने लगेच शंका काढली की हा नियम ध्यानाला बसणाऱ्या योग्यासाठी आहे, वारकऱ्यासाठी नाही. बरोबर आहे त्याचं. आषाढीच्या वारीत एका दिवसात याहून जास्त चाल होते. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोड करत जाते, तिच्यातले लोकही योजन मोजत थांबत नाहीत. पण त्या पालखीला मुक्काम ठरलेले असतात, पाण्याची सोय असते, मागे गाडी असते आणि चालणाऱ्यांचं शरीर पहिल्या चार दिवसांत चालीला लागलेलं असतं. आपण सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसून शनिवारी एकदम उठणारी माणसं. आपल्याला योजनेचं माप जास्त लागू पडतं.

माउलींनी सतराव्या श्लोकावर जे म्हटलंय ते मला सगळ्यात आवडतं. आहार घ्यावा, पण युक्तीच्या मापाने मोजून. बोलणं मोजकं, पावलं मोजकी, आणि झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा. झोपेला मान! रात्री दीडपर्यंत रील बघत बसणाऱ्या आपल्या पिढीने हा एक शब्द फोनच्या मागे चिकटवावा.

मोजकी पावलं म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतोच: मग धावायचं की नाही? मागच्या आठवड्यात एका काकांनी मला ऐकवलं की देवाकडे चालत जायचं असतं, पळत नाही, आणि तुम्ही लोक वारीचं मॅरेथॉन करून टाकलंय. त्यांच्या रागात तथ्य आहे. छातीवर नंबर लावून देवळाच्या पायरीशी घड्याळ थांबवणं मलाही रुचत नाही. पण धावणं परंपरेबाहेरचं आहे, हे मात्र खरं नाही. माउलींच्या पालखीत वेळापूरजवळ 'धावा' होतो. पंढरी जवळ आली म्हणून वारकरी उतारावरून नाव घेत पळत सुटतात. तुकोबारायांना कळस दिसला तेव्हा ते धावले, अशी त्यामागची श्रद्धा आहे. रिंगणात अश्व धावतो तसे पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, साठी ओलांडलेले विणेकरी धावतात. म्हणजे धावणं आहे, पण ते ठरल्या जागी आहे, थोडंच आहे, आणि त्यामागे शेकडो किलोमीटरचं शांत चालणं आहे. आळंदीपासून कोणी धावत सुटत नाही. 'युक्त' याचा अर्थ मला तिथे दिसतो.

आता कारंजा. शेलूबाजार हे चौकाचं गाव, अकोला-मंगरूळपीर रस्ता आणि जुना नागपूर-मेहकर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. इथून कुठेही तीर्थाला जाता येतं. मंगरूळपीर जवळच, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ एका दिशेला, पोहरादेवी दुसऱ्या, शेगाव तिसऱ्या. आम्ही कारंजा निवडलं कारण नवस तिथला आहे, आणि कारण तिथली कथाच जाण्या-येण्याची आहे.

गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात माधव आणि अंबा यांच्या पोटी महाराज जन्माला येतात. जन्मताच ओंकार, आणि नंतर मुंजीपर्यंत मौन. मुंज लागली तसे वेद म्हणायला लागले आणि आईकडे भिक्षेबरोबर घर सोडायची परवानगी मागितली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बाराव्या अध्यायातला पुढचा भाग आपण भरभर वाचून टाकतो. आई रडली. तिने अजून पुत्र होईपर्यंत थांब म्हटलं. आणि ते थांबले. साक्षात अवतार, काशीला निघालेला, एका आईच्या शब्दासाठी वर्षभर घरात राहिला. जुळी मुलं झाली, ती थोडी मोठी झाली, आईचं मन निवलं, मग पाऊल बाहेर पडलं. तेही पुन्हा भेटेन असा शब्द देऊन. तेराव्या अध्यायात पुष्कळ वर्षांनी, काशी-बदरी करून, संन्यासी होऊन ते खरंच कारंज्याला परत आले आणि आई-वडिलांना भेटले.

ज्यांच्या पायाशी आपण चाललोय त्यांनी स्वतःच्या आईला घाबरवून, तिला ओलांडून घर सोडलं नाही. नवसाचा विचार करताना मी मामेभावाला हाच अध्याय वाचायला लावला. मामी रात्रभर जागी राहणार असेल आणि आपण कारंज्यात जाऊन त्या महाराजांपुढे उभे राहणार असू, तर आपण कुणाची कथा वाचली?

(स्थानाबद्दल थोडं, नवीन वाचकांसाठी. कारंजा हेच जन्मस्थान हे प. प. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी प्रकाशात आणलं आणि ब्रह्मानंद सरस्वतींनी १९३४ साली तिथे गुरुमंदिराची स्थापना केली. गावात जन्मस्थानाचा वाडा आहे, ऋषी तलाव आहे, आणि जैनांची जुनी मंदिरंही आहेत. वेळ असेल तर तीही बघा.)

आता नवसाचं शास्त्र. महाभारतात उद्योगपर्वात विदुरनीती आहे. तिथे विदुर धृतराष्ट्राला सांगतात की आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. यादीतलं पहिलं नाव पाणी. पहिलं! निर्जळाचा संकल्प कडक असतो हे मान्य, पण व्रताच्या आड पाणी येत नाही ही सूट कुठल्या डॉक्टरने काढलेली नाही. आपल्या शास्त्रकारांना माणसाचं शरीर चांगलं ठाऊक होतं. धावणारा माणूस थंडीतही तासाला अर्धा लिटर घाम सहज गाळतो, ऊन चढलं की त्याच्या दुप्पट. चार-पाच तास पाणी न घेता ही भरपाई करायला शरीरात वेगळी टाकी नसते.

आई हे सगळं ऐकत होती. तिने गीता वाचलेली नाही, पण तिचं भाष्य सगळ्यात छोटं निघालं: "नवस म्हंजे का देवासंगं पैज हाय का?"

पैज आणि नवस यातला फरक मला असा दिसतो. पैजेत अटी महत्त्वाच्या, एक अट चुकली की हरलो. नवसात समोर कोणीतरी आहे, त्याच्याशी बोलता येतं. त्या रात्री जिन्यात बसलेला पोरगा घाबरलेला होता, त्याच्याकडे देण्यासारखं जे सगळ्यात कठीण होतं ते त्याने देऊ केलं. देऊ करण्यातली भावना खरी आहे. पाण्याची आणि चपलेची अट ही भीतीने घातलेली आहे. गुरुचरित्रात गाणगापूरच्या तंतुकाची कथा आहे. सगळं घर शिवरात्रीला श्रीशैल्याला निघालं, हा मठाचं अंगण झाडत मागे राहिला, आणि महाराजांनी त्याला पादुका धरायला सांगून क्षणात मल्लिकार्जुनाचं दर्शन घडवलं. त्याच्या नावावर एक किलोमीटरही जमा नव्हता.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं. आधी संकल्प बदलायचा, गुपचूप नाही, तर घरातल्या देवापुढे, मामा-मामी समोर असताना, मोठ्याने बोलून. शेलूबाजारहून निघतानाही तेच. पाणी घेईन, फळं घेईन, दूध घेईन, अन्न कारंज्याच्या प्रसादाचंच. हा उपास विदुराच्या यादीत पूर्ण बसतो आणि शरीरालाही चालतो. मामेभाऊ पाण्याला तयार झाला. पायताणाचं अजून भिजत घोंगडं आहे, त्याकडे येतो.

प्लॅन लिहून ठेवतो, कारण तुमच्यापैकी काही जणांनी सोबत यायचं म्हटलंय आणि काही जण आपापल्या गावाहून असंच काही करतील.

अंतर रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरच्या घरात आहे. मी हिशोबात पस्तीसच धरतो; नियोजनात जास्तीचं धरलेलं बरं. योजनेच्या मापाने हे तीन दिवसांचं काम, पण सुट्टी दोनच दिवस. म्हणून शनिवारी सकाळी एक योजन, म्हणजे साधारण तेरा किलोमीटर. मग विश्रांती, फळं, शक्य झाल्यास एखाद्या देवळाच्या ओट्यावर तासभर डोळे मिटणं. दुपारी तीननंतर आठ किलोमीटर, तेही फक्त चालत. उरलेले चौदा रविवारी सकाळी.

गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण केलेल्यांना हे विषम वाटे ओळखीचे वाटतील. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी बारा, आणि पाचव्या दिवशी छत्तीस ते अडतीस असे फक्त तीन. एकूण भागिले सात असं कोणी केलेलं नाही. छत्तिसावा अध्याय किती मोठा आहे हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते वाटे पाडलेत. रस्त्याचंही तसंच. जिथे चढ, ऊन किंवा वर्दळ जास्त, तिथे वाटा लहान.

शनिवारी रात्री मुक्काम कुठे? जिथे थांबू तिथून एसटीने शेलूबाजारला परत आणि घरी झोप. रविवारी पहिल्या गाडीने त्याच जागी उतरायचं आणि तिथूनच पुढे. यात काही खोट आहे असं मला वाटत नाही. जागेवर एखादी खूण लक्षात ठेवा, मैलाचा दगड, टपरी, काहीही, आणि पाऊल तिथूनच उचला. गाड्यांच्या वेळा मात्र आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन विचारा, मोबाइलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. आई आणि मामी रविवारी एसटीनेच थेट कारंज्याला येणार आहेत. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या बायका येतील असं दिसतंय. मामाही त्यांच्यासोबत.

वेग. सकाळच्या टप्प्यात चार मिनिटं चाल, एक मिनिट धाव. पुन्हा चार, पुन्हा एक. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ही चाल-धाव पद्धत जगभर लोकप्रिय केली. थकल्यावर चालायचं नसतं, थकायच्या आधी चालायचं असतं, हे त्यातलं मर्म. ताशी पाच किलोमीटरची चाल आणि आठची धाव धरली तर सरासरी साडेपाचच्या आसपास पडते. तेरा किलोमीटरला सव्वादोन-अडीच तास, पाण्याचे थांबे धरून तीन. सूर्योदय सातच्या जरा आधी होतो, तेव्हा निघालो तर दहाच्या आत टप्पा पूर्ण. अंधारात एकही पाऊल टाकायचं नाही, ना सकाळी ना संध्याकाळी.

घड्याळात हृदयाचे ठोके बघणाऱ्यांना मी एक साधी पट्टी सुचवतो. नाम मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. 'दिगंबरा'चा गजर एका श्वासात पुरा होत नसेल, मधेच तुटत असेल, तर वेग जास्त आहे. धावण्याचे प्रशिक्षक याला बोलता येण्याची कसोटी म्हणतात. आपल्याकडे टाळ-मृदंगावर चालणाऱ्यांनी ती केव्हापासूनच लावलीय, अभंग म्हणत चालणारा माणूस धापा टाकेल एवढा वेग धरूच शकत नाही. धावेच्या मिनिटातही नाम चालू राहिलं पाहिजे. राहत नसेल तर त्या दिवशी धाव रद्द, नुसतं चाला.

रस्ता. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून इथे उतरायची-चढायची सोय आहे. काही उत्साही मंडळींना तो सरळसोट गुळगुळीत रस्ता बघून तिथे धावायची हौस येते. अजिबात नाही. तिथे दुचाकीलाही बंदी आहे, पायी माणसाचा तर प्रश्नच नाही. आपण जुन्या रस्त्याने. नेहमी उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. एकामागे एक, गप्पांसाठी शेजारी शेजारी नाही. इथे पुन्हा माउलींचं मोजकं बोलणं आठवा. या दिवसांत कापसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, आणि त्यांच्या चालकाला कडेचा माणूस दिसेलच याचा भरवसा नाही. पिवळं चमकणारं जाकीट घाला. कानात इअरफोन नको. गजर स्वतःच्या तोंडाने करा, कान रस्त्याला द्या.

बाकी दृश्य सुंदर असतं. सोयाबीन निघालेलं, तुरीला शेंगा, हरभरा पोटरीएवढा, सकाळी धुकं. एप्रिल-मेमध्ये हाच रस्ता करायचा विचारही करू नका. आपल्याकडचा पारा तेव्हा कुठे जातो ते सांगायला नको.

पाणी प्रत्येकी दीड लिटर पाठीवर, संपलं की टपरीवर भरायचं. चिमूटभर मीठ आणि साखर घातलेली एक बाटली वेगळी. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. उपास असेल तर मीठ सैंधव घ्या, पण घ्या. चक्कर, थंडी वाजून काटा येणं, गोंधळल्यासारखं होणं, यातलं एकही दिसलं तर जिथे असाल तिथे बसा आणि पुढची गाडी धरा. आमच्या गटात एक नियम आहे: थांबायचा निर्णय कुणीही घेऊ शकतो, त्यावर चर्चा नाही. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचं काही आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. मामाला यायचं होतं, "मी हळूहळू चालीन" म्हणत होता. त्याला कारंज्याच्या वेशीपासून मंदिरापर्यंतचा शेवटचा तुकडा दिलाय, तोही त्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

आता चपलांचं. डांबर, काचा, बाभळीचे काटे, आणि धावताना पडणारा भार. अनवाणी पस्तीस किलोमीटर म्हणजे दुसऱ्या दिवशी पाय टेकता येणार नाही हे जवळजवळ नक्की. मी सुचवलंय की बूट घालून वेशीपर्यंत ये, तिथे मामा भेटेल, तिथे बूट काढ आणि बापाचा हात धरून मंदिरापर्यंत अनवाणी चाल. धावू नको. ज्याच्यासाठी नवस बोललास तोच शेजारी चालतोय, त्याच्या पायाच्या मापाने चाल. मामेभाऊ म्हणतो, पाण्याचं शास्त्रात आहे, बुटाचं कुठे आहे? खरंय, विदुराच्या यादीत बूट नाहीत. मी म्हटलं 'गुरूचं वचन' आहे, आणि घरात वडील हे पहिले गुरू. तर मामाला विचार, तो जे म्हणेल ते. यावर तो दोन दिवस गप्प आहे. काल रात्री मामाने मला फोन केला, विचारलं, "काऊन रे, मी काय सांगू त्याले?" मी म्हटलं, तुमच्या मनातलं सांगा.

येणाऱ्यांनी मला निरोप टाका, मग शुक्रवारी कोण कुठून येतंय ते बघू. पुण्या-मुंबईकडून अकोल्यापर्यंत रेल्वे आणि तिथून मंगरूळपीरकडची एसटी, शेलूबाजार चौकात उतरा. कारंज्यात राहायचं असेल तर भक्तनिवासात स्वतः फोन करून विचारा, जयंतीच्या दिवसांत गर्दी असते. तोवर गुरुचरित्राचा बारावा अध्याय एकदा सावकाश वाचून या, वाटेत त्यावर बोलू. चालताना, धावताना नाही.

उद्या सहाव्या अध्यायाचे श्लोक १८ आणि १९ एकत्र घेऊ, वारा नसलेल्या जागच्या दिव्याचे.

श्री गुरुदेव दत्त.